टू ट्वेंटी-थ्री घेऊ का अजून काही? वाचक विचारतात

मागच्या महिन्यात इथे .२२ रिमफायरवर लिहिलं होतं, म्हणजे त्या स्वस्त नि मस्त पॉइंट टू-टूवर, तर लगेच पत्रं आली की ते झालं, आता पुढची पायरी सांगा. पुढची पायरी म्हणजे बारीक कॅलिबरची, म्हणजे बारीक भोकाच्या नळीची, सेंटरफायर रायफल. सेंटरफायर म्हणजे जिच्या काडतुसाला ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मधोमध असते, रिमफायरसारखी कडेत नाही. बरीचशी पत्रं अमेरिकेतून आहेत, एक ऑस्ट्रेलियातून, आणि एक थेट कोल्हापूरहून. एकेक घेऊया.

प्रश्न: नमस्कार दादा. मी मूळचा सांगलीचा, गेली बारा वर्षं डॅलसजवळ राहतो, सिटिझन आहे. दोन वर्षं .२२ रिमफायरवर रेंजला जातोय, आता जरा मोठं हवंय. रेंजवर १०० ते ३०० यार्ड मारायचंय आणि एका मित्राच्या रँचवर कायोटी (इकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) आणि रानडुकरं आहेत, तिथेही न्यायची आहे. बायकोने एकाच रायफलची परवानगी दिलीय. दुकानदार म्हणतो .२२-२५० घे, मित्र म्हणतो .२०४ रुगर, यूट्यूबवाले काहीही म्हणतात. बजेट स्कोपसकट, म्हणजे वरच्या दुर्बिणीसकट, दीड हजार डॉलर. काय घेऊ?

उत्तर: .२२३ रेमिंग्टन, बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर बारामागे हाताने खिट्टी मागे-पुढे करायची, आणि १:८ ट्विस्टची नळी. झालं उत्तर. पण का ते सांगतो, कारण मी स्वतः नेमका उलटा खड्डा खणून त्यात पडलेलो माणूस आहे.

आधी नावांचा घोळ. .२२२, .२२३, .२२-२५०, .२२० स्विफ्ट, हॉर्नेट, या सगळ्यांची आजची बुलेट एकाच जाडीची असते, .२२४ इंच, साधारण ५.७ मिलिमीटर. नावातले आकडे हे बहुतेक मार्केटिंग. फरक आहे तो मागच्या पितळी केसमध्ये दारू किती मावते त्यात. हॉर्नेट १९३० चं, त्यात चिमूटभर दारू. .२२३ आलं १९६४ मध्ये, .२२२ ची केस लांबवून, त्यात साधारण २५ ग्रेन दारू. .२२-२५० हे हौशी लोकांनी तीसच्या दशकात जुन्या .२५० सॅव्हेजच्या केसचं तोंड बारीक करून बनवलेलं, रेमिंग्टनने १९६५ मध्ये अधिकृत केलं, त्यात ३५ च्या आसपास. .२०४ रुगर मात्र खरंच बारीक आहे, बुलेट .२०४ इंचाची, २००४ साली आलं. आणि हे ग्रेन ग्रेन काय असतं म्हणून गोंधळू नका, आपला सोनाराचा तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, मासा म्हणजे १५. म्हणजे ५५ ग्रेनची बुलेट पावणेचार माशांची सुद्धा भरत नाही आणि .२२३ मधून ती सेकंदाला ३२०० फुटांच्या वर निघते. .२२-२५० मधून तीच बुलेट ३६०० च्या वर. .२०४ मधली ३२ ग्रेनची तर ४२०० ला.

आता तुम्ही म्हणाल की मग वेग जास्त तर .२२-२५० चांगलं ना. मीपण हेच म्हणालो होतो. सतरा वर्षांपूर्वी दुकानात गेलो, काउंटरवरच्या गृहस्थांनी .२२-२५० हातात दिली, वर रेंजवर अचूक लागावी म्हणून ७५ ग्रेनच्या मॅच बुलेटची काडतुसं दिली, मी खुशीत घरी. रेंजवर १०० यार्डावर पाच बार काढले तर दोन कागदावर लागलेच नाहीत आणि उरलेल्या तिघांची भोकं गोल नव्हती, लांबट, चावीच्या भोकासारखी, म्हणजे बुलेट आडवी होऊन कागदात शिरली होती. शेजारच्या म्हाताऱ्याने बघितलं, हसला, आणि विचारलं ट्विस्ट काय आहे तुझ्या नळीचा. मला ट्विस्ट हा शब्दच त्या दिवशी कळला.

तर ट्विस्ट. नळीच्या आत जे पीळ असतात ते बुलेटला फिरवतात, भोवऱ्यासारखं, भोवरा फिरला तर उभा राहतो नाहीतर लुडकतो. १:१४ म्हणजे १४ इंचात एक फेरा, १:८ म्हणजे ८ इंचात एक. बुलेट जितकी लांब तितकी ती जास्त वेगाने फिरायला हवी. आणि जुन्या धर्तीच्या बहुतेक .२२-२५० रायफली १:१४ च्याच असतात कारण त्या ५५ ग्रेनपर्यंतच्या आखूड बुलेटसाठी बनवलेल्या होत्या, शेतातल्या घुशीसारख्या प्राण्यांसाठी, त्यात ७५ ग्रेनची लांबुडकी घातली की भोवरा लुडकला. चूक रायफलीची नव्हती. माझी आणि त्या काउंटरची. हल्ली .२२-२५० पण १:८ किंवा १:९ मध्ये मिळतात, पण दुकानातल्या रॅकवर किंवा सेकंडहँडमध्ये काय हातात येईल सांगता येत नाही, म्हणून कॅलिबर विचारायच्या आधी ट्विस्ट विचारा असं मी सगळ्यांना सांगत असतो.

.२२३ मध्ये १:८ घेतली की ५० पासून ७७ ग्रेनपर्यंत सगळं चालतं. रेंजवर ३०० यार्डाला ६९ किंवा ७७ ग्रेनची मॅच बुलेट, कारण वारा. ५५ ग्रेनची हलकी बुलेट ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डाला जवळपास फूटभर सरकते, आणि टेक्सासात वारा नसलेला दिवस मी तरी मोजकाच बघितलाय. खाली पडण्याचं तसं सोपं असतं, २०० यार्डाला झिरो केली, म्हणजे त्या अंतराला नेम बरोबर बसवला, तर ३०० ला सहा-सात इंच खाली, ते स्कोपच्या क्लिका मोजून भरून काढता येतं. वाऱ्याचा अंदाज मात्र बार काढून काढूनच येतो.

आणि इथेच खरा मुद्दा आहे बघा. बार काढायला काडतुसं लागतात. .२२३ ची सरावाची काडतुसं कुठल्याही दुकानात, .२२-२५० ची दोन-तीन पट महाग आणि .२०४ ची बऱ्याचदा शेल्फवर नसतातच. वर .२२-२५० ची नळी लवकर झिजते, तेवढ्या बारीक भोकातून तेवढी दारू जाळायची म्हणजे नळीचा घसा भाजतोच. शंभर बार .२२-२५० चे आणि तीनशे बार .२२३ चे, पुढच्या वर्षी कोण चांगला नेम धरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

कायोटीला .२२३ भरपूर झालं, ५० ते ५५ ग्रेनची पटकन फुटणारी बुलेट. रानडुकराला मात्र ती बुलेट अजिबात नको, ती कातडीखालीच फुटून जनावर जखमी होऊन पळतं आणि मग रात्रभर झुडपात शोधत बसा. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर ढालीसारखं जाड कातडं असतं. डुकरासाठी ६० ग्रेनच्या पुढची, न फुटता आत जाणारी किंवा अख्खी तांब्याची बुलेट घ्या, अंतर शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत ठेवा, नेम कानामागे किंवा पुढच्या पायाच्या मागे. मित्राच्या रँचवर जर डुकरंच जास्त आणि कायोटी कमी असतील तर मग माझं उत्तर बदलतं, मग .२४३ विंचेस्टर घ्या, १९५५ चं जुनं कॅलिबर आहे, १०० ग्रेनची बुलेट घेऊन जातं आणि पुढे कोणी कोलोराडोला हरणासाठी बोलावलं तरी चालतं. .२२३ कोलोराडोत मोठ्या जनावरांच्या शिकारीला कायद्यानेच चालत नाही, किमान .२४ लागतं. व्हर्जिनियात हरणाला किमान .२३. टेक्सासात हरणाला .२२३ चालतं, फक्त रिमफायर चालत नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं, जिथे जाल तिथलं पुस्तक आधी वाचा. आणि कॅलिफोर्नियात कोणी नातेवाईक असेल तर तिथे २०१९ पासून शिकारीला शिशाची बुलेटच बंद आहे, तांब्याची लागते, तांबं हलकं म्हणून तेवढ्याच वजनाची बुलेट लांब होते, आणि लांब झाली की परत ट्विस्टचा प्रश्न. म्हणूनही १:८.

ब्रँडचं विचाराल तर फिनलंडची टिका टी३एक्स .२२३ मध्ये १:८ येते, बोल्ट लोण्यासारखा सरकतो. पैसे वाचवायचे तर रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज, दिसायला प्लॅस्टिकच्या बादलीसारखी, पण लागते जिथल्या तिथे. हाॅवाची मिनी अॅक्शन छोटी आणि हलकी आहे, दिवसभर चालायचं असेल तर बरी. माझं स्वतःचं मत असं की बजेटमधले निम्मे पैसे रायफलला, एक तृतीयांश स्कोपला आणि उरलेल्याची काडतुसं. स्कोप ४-१२, म्हणजे चारपट ते बारापट मोठं दाखवणारा, पुरे झाला. २५ पॉवरचा मोठा डोलारा रायफलवर चढवून डुकरामागे झुडपात शिरलात तर वीस यार्डावरचं डुक्कर स्कोपमध्ये नुसता काळा केसाळ पडदा दिसतो, हे मी मित्राच्या बाबतीत बघितलंय.

प्रश्न: .२२३ च्या रायफलीत आर्मीची ५.५६ ची काडतुसं चालतात का? दिसायला तर सेम आहेत.

उत्तर: दिसायला सेम, बाहेरची मापंही जवळपास सेम, पण ५.५६ चा दाब जास्त असतो आणि त्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, बुलेटच्या पुढे थोडी जास्त मोकळी जागा ठेवलेली असते. .२२३ च्या चेंबरमध्ये ती मोकळी जागा नाही, दाब अजून चढतो. उलटं चालतं, म्हणजे ५.५६ लिहिलेल्या नळीत .२२३. नळीवर काय कोरलंय ते वाचा आणि तेच घाला. अजून एक, हिरव्या टोकाची स्टीलवाली काडतुसं बऱ्याच रेंजवर आत नेऊ देत नाहीत, चुंबक लावून बघतात.

प्रश्न: काका, मी ऑस्टिनला आहे, एच-वन-बीवर, ग्रीनकार्डची रांग तुम्हाला माहितीच आहे. ऑफिसमधले सगळे वीकेंडला रेंजवर जातात, मलाही .२२३ घ्यायचीय. कोणी म्हणतं व्हिसावर घेताच येत नाही, कोणी म्हणतं टेक्सासात सगळं चालतं. खरं काय?

उत्तर: बाळा, दोघंही अर्धवट सांगतायत. टेक्सास काय म्हणतं हा नंतरचा प्रश्न, फेडरल कायदा म्हणतो की नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही. एच-वन-बी त्यातच येतो. पण त्याच कायद्यात अपवाद आहेत, आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते असेल तर घेता येते, बाळगता येते. ग्रीनकार्ड मिळालं की ही भानगड संपते.

आता यातले बारीक खड्डे ऐक. एक, "बाळगणं" म्हणजे फक्त विकत घेणं नाही, रेंजवर भाड्याने घेऊन दोन बार काढणं पण त्यातच धरतात. ऑफिसातल्या मित्राची हातात घेतलीस तरी तेच. म्हणून आधी लायसन्स, मग रेंज. दोन, टेक्सासचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तू फेब्रुवारीत काढ की जुलैत काढ, आणि संपलं की त्या दिवसापासून तुझी सवलतही संपली, कपाटातली रायफल तीच असली तरी. मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेव. तीन, टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला २०१९ पासून लायसन्स लागत नाही असं तुला कोणीतरी सांगेलच, ते खरं आहे, पण ते त्यांच्यासाठी, तुला तुझ्या व्हिसामुळे लागतंच. चार, २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे शिकारीला जायला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो करच, नुसता कागद म्हणून नाही, कुंपण ओलांडताना रायफल कशी धरायची हे त्यात शिकवतात.

दुकानात फॉर्म भरताना व्हिसाच्या प्रश्नाला खरं उत्तर लिही, लायसन्सची कॉपी आणि आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीचा, नंबर जवळ ठेव. आणि खरेदीच्या आधी एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला फोन कर, तुझ्या केसमध्ये अजून काही असेल तर तो सांगेल. शेदोनशे डॉलर जातील. रायफल चुकली तर विकता येते, व्हिसाचं तसं नाही.

प्रश्न: नमस्कार. आम्ही गिप्सलँडला, व्हिक्टोरियात, छोटं फार्म घेतलंय, चाळीस एकर, मेंढ्या आहेत. कोकरं झाली की कोल्हे येतात, रात्रीत तीन-तीन कोकरं जातात. माझ्याकडे लायसन्स आहे, ए आणि बी दोन्ही. सध्या .२२ रिमफायर आहे पण कोल्हा साठ-सत्तर मीटरच्या आत येतच नाही. शेजारी फार लांब नाहीत. क्लबात टार्गेटला पण वापरता आली तर बरं. माझे आजोबा दोडामार्गला ठासणीची बंदूक वापरायचे शेतराखणीला, त्यामुळे घरात भीती नाहीये!

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मला आमच्या आजोळची ठासणी आठवली, बार काढला की आधी धूर, मग आवाज, मग आजोबांचा खोकला, आणि वानरं तोपर्यंत शेजारच्या बागेत.

तुमच्याकडे लायसन्स आहे म्हणजे १९९६ नंतरचे तिथले नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहेत, बोल्टवाली सेंटरफायर म्हणजे बी कॅटेगरी, तेव्हा मी त्या नियमांत शिरत नाही. तुमच्या केसमध्ये दोन नावं आहेत, .२२ हॉर्नेट आणि .२२३.

हॉर्नेट हे चाळीस एकराला शोभणारं काडतूस आहे. दीडशे मीटरपर्यंत कोल्ह्याला पुरेसं, आवाज .२२३ पेक्षा बराच कमी, धक्का जवळपास नाही. शेजारी जवळ असले की रात्री दोन वाजता आवाजाचा मुद्दा येतोच. पण क्लबात टार्गेटला हॉर्नेट म्हणजे हौस, काडतुसं महाग आणि निवड कमी, आणि हॉर्नेटची केस पातळ म्हणून घरी परत भरायला पण नाजूक. .२२३ दोन्हीकडे चालेल आणि अडीचशे मीटरपर्यंत कोल्हा घेईल. म्हणून मी म्हणेन की क्लबात महिन्यातून दोनदा खरंच जाणार असाल तर .२२३, नाहीतर हॉर्नेट घ्या आणि मजेत राहा. स्वतःशी खरं बोला यात, क्लबात जाऊ जाऊ म्हणून न गेलेले भरपूर बघितलेत.

शेजाऱ्यांची भीती वाटते म्हणून लोक .२२ रिमफायरच बरी समजतात पण एक गोष्ट उलटी आहे, रिमफायरची हळू जाणारी शिशाची गोळी दगडावर, ओल्या मातीवर आपटून टप्पा खाऊन पुढे जाते, क्रिकेटच्या बॉलसारखी. सेंटरफायरची फुटणारी बुलेट जमिनीला लागली की बहुतेक वेळा तिथेच तुकडे होतात. बहुतेक वेळा, नेहमी नाही. तेव्हा कोल्ह्याच्या मागे मातीचा चढ असेल तरच बार काढायचा, टेकाडाच्या माथ्यावर आकाशाच्या रेषेत उभा असलेला कोल्हा कितीही छान दिसला तरी सोडून द्यायचा, पलीकडे कोणाचं घर आहे ते अंधारात दिसत नाही. तो येतोच परत, कोकरं तुमचीच आहेत.

प्रश्न: सर मी कोल्हापूरचा, वय १९. स्वप्निल दादाचं पदक बघितलं तेव्हापासून डोक्यात रायफलच आहे. मला .२२३ किंवा तसली सेंटरफायर घ्यायचीय, प्रॅक्टिसला आणि गावाकडे ससा वगैरे शिकारीला. लायसन्स कसं काढू?

उत्तर: ससा वगैरे विसर आधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे, ससा पण त्यात आला, आणि "वगैरे" पण आलं. वरच्या पत्रांमधलं शिकारीचं सगळं त्या त्या देशातलं आहे, ते इथे लावायचं नाही.

आता नेमबाजी. स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला ब्राँझ मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. फायनलचा स्कोअर ४५१.४. तो तुझ्याच जिल्ह्यातला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पण त्याच्या हातात जी होती ती सेंटरफायर नव्हती रे, .२२ रिमफायर होती, तीच जिच्याबद्दल मी मागच्या महिन्यात लिहिलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली ती पण ५० मीटरला, .२२ वरच, आणि ती पण कोल्हापूरची. मोठ्या सेंटरफायर रायफलीचा ३०० मीटरचा प्रकार ऑलिंपिकमधून १९७२ नंतर गेलाच. तेव्हा तुझं स्वप्न जर पदकाचं असेल तर .२२३ ने तू त्या रस्त्यावर एक पाऊलपण पुढे जात नाहीस.

तुझा रस्ता म्हणजे १० मीटर एअर रायफल, क्लबाची, भाड्याची, विकत घेऊच नकोस पहिलं वर्ष. कोल्हापुरात क्लब आहेत, पुण्याला बालेवाडीची रेंज आहे. मग जिल्हा, मग राज्य, मग ५० मीटर. चांगले गुण पडायला लागले की नेमबाज म्हणून परवान्याचा, आयातीचा मार्ग असोसिएशनतर्फे उघडतो, 'रिनाउन्ड शॉट' म्हणतात त्याला. लायसन्स आधी आणि नेम नंतर असा क्रम कुठेच नाही. पहिले तीन महिने तुला कोच एकही बार काढू देणार नाही कदाचित, नुसतं उभं करेल, रिकाम्या रायफलीने चाप ओढायला लावेल. कंटाळा येईल. तो आला तरी जात राहिलास तर मला परत लिही.

प्रश्न: दादा, डिसेंबरमध्ये भारतात जातोय. रेंजवरचं एखादं काडतूस आठवण म्हणून पुतण्याला नेलं तर चालेल का? रिकामं नाही, भरलेलं.

उत्तर: नाही, नाही आणि नाही. भारतात परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा आर्म्स अॅक्टखाली गुन्हा आहे, रायफल नसली तरी. मुंबईला एक्स-रेमध्ये एकच राउंड सापडला तरी पोलीस स्टेशन, वकील, आणि पुतण्याच्या लग्नाला तुम्ही नाही. "चुकून राहिलं" हे कोर्टात पटवता येतं कधीकधी, पण ते पटवेपर्यंत परतीची फ्लाइट गेलेली असते. तुम्ही तर मुद्दाम नेताय.

आणि मुद्दाम नाही नेलं तरी बॅग तपासा. रेंजला नेतो तीच बॅग केबिन बॅग म्हणून वापरायची सवय आपल्यात फार आहे, चांगली दणकट असते म्हणून. तीन वर्षांपूर्वी निघायच्या आदल्या रात्री बायको माझ्या त्या बॅगेत चिवड्याचे डबे भरत होती, बाजूच्या चेनच्या कप्प्यात हात घातला आणि .२२३ ची दोन काडतुसं काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली, काही बोलली नाही. ती बॅग तेव्हापासून गॅरेजमध्ये खुंटीला आहे, प्रवासाला दुसरी घेतली, लाल रंगाची.